मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब, तीन वर्षं आणि माझा चेहरा

अबोली_फूल
१४ जून, रात्री ११:४२

हा धागा काढू की नको, यात दोन महिने गेले. आज खोलीतल्या आरशावर ओढणी टाकली, मग स्वतःचंच हसू आलं, म्हणून लिहायला बसले.

मी २४ वर्षांची, मूळची तासगावची. सध्या पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. अकरावी-बारावीपासून तोंडावर मुरमं होतीच. फार नव्हेत, पण गालांवर कायम चार-सहा लाल पुटकुळ्या आणि कपाळभर बारीक दाणे. चुलतबहिणीच्या लग्नाआधी पंधरा दिवस एका मेडिकलमध्ये गेले आणि "पिंपल्सवर काहीतरी द्या" म्हटलं. त्यांनी छोटी ट्यूब दिली. "ही लावा, सगळे हीच नेतात." सहाव्या दिवशी चेहरा असा झाला की हळदीला आत्याने गालाला हात लावून विचारलं, काय लावतेस गं?

तिथंच फसले. लग्न झालं, ट्यूब चालूच राहिली. रंगही उजळला होता आणि ते मला आवडत होतं, खोटं कशाला सांगू. दिवाळीला घरी जाताना ट्यूब पुण्यात विसरले, तर तिसऱ्या दिवशी चेहरा तिखट चोळल्यासारखा भगभगायला लागला. गालभर पांढऱ्या टोकाच्या बारीक पुळ्या. मला वाटलं, बघा, किती गरजेची आहे ट्यूब! तासगावातच नवी घेतली, दोन दिवसांत सगळं शांत. असं तीन वर्षं.

या एप्रिलमध्ये अभ्यासिकेतून मेसला जाताना, म्हणजे जेमतेम दहा मिनिटांच्या उन्हात, गाल भाजून निघाले. गालांवर लव वाढलेली, नाकाशेजारी लाल रेघा. रूममेटने ट्यूबचा फोटो काढला आणि मोठा करून वाचला: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. मी खुर्चीत बसायच्या आत त्यांनी विचारलं, "कुठली ट्यूब लावता?"

बंद करून पाच आठवडे झाले. डॉक्टरांनी गोळ्या, एक मलम, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन दिलंय. पण चेहरा ट्यूबच्या आधी होता त्यापेक्षाही वाईट दिसतोय. अभ्यासिकेत मास्क लावून बसते. यातून कुणी बाहेर आलंय का? किती दिवस लागतात? आणि मूळची मुरमं तर आहेतच, त्यांचं काय करू?

---

काळा_चहा
१४ जून, रात्री ११:५८

वाचतोय. माझ्या बहिणीकडेही अशीच एक ट्यूब आहे. आत्ताच उठून बघून आलो. तीच तीन नावं.

---

निळाई
१५ जून, सकाळी ६:५०

अबोली, मी त्वचारोग विभागात निवासी डॉक्टर आहे, हे चेहरे रोज बघते. इथे औषध लिहून देणार नाही. तुझे डॉक्टर ते करतायत आणि तू सांगतेस त्यावरून बरोबर करतायत. काय चाललंय तेवढं सांगते.

याला नाव आहे: टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस. हे नाव भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनीच रूढ केलं, आपल्याकडे त्याचं पीक किती आहे ते यावरून समज. मोमेटासोन हे स्टेरॉइड. त्याने सूज दबते, म्हणून पुळी बसते. रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा गोरा दिसतो. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य बनू देत नाही. ट्रेटिनॉइन वरचा थर लवकर लवकर बदलतं. हे त्रिकूट वांगासाठी आहे, तेही थोडे आठवडे आणि डॉक्टरच्या नजरेखाली. मुरमांसाठी ते नाहीच.

महिनोन्महिने लावलं की त्वचा पातळ होत जाते, लव वाढते, खालच्या केशवाहिन्या दिसायला लागतात, ऊन सोसत नाही. गंमत म्हणजे, गंमत कसली, स्टेरॉइड स्वतःच पुळ्या आणतं. पण रोज लावत असल्यामुळे त्या दबलेल्या राहतात. ज्या दिवशी सोडशील त्या दिवशी आकसलेल्या वाहिन्या फुलतात आणि दबलेलं सगळं एकदम वर येतं. तुला दिवाळीत झालं ते हेच. तू त्याचा अर्थ "ट्यूबची गरज आहे" असा लावलास. सगळेच तसा लावतात, आणि त्यातूनच तीन वर्षं निघतात.

किती दिवस? दिवस नाही, महिने. पाचवा-सहावा आठवडा बऱ्याच जणांचा वाईट जातो. भगभग आधी कमी होते, लाली नंतर, लव सगळ्यात शेवटी. तोवर एक साधा सौम्य क्लीन्झर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बस. स्क्रब, फेशियल, ब्लीच, वाफ, व्हिटॅमिन सी सीरम यातलं काही नको. मुरमांच्या औषधांची घाई आत्ता नको, पातळ झालेल्या कातडीला ती झोंबतात. ते डॉक्टर ठरवतील तेव्हा.

---

औषधीवाला
१५ जून, सकाळी ९:१५

२१ वर्षं मेडिकल चालवतोय, नगर जिल्ह्यात. शिव्या खायच्या तयारीने लिहितो.

पूर्वी ही मलमं चिठ्ठीशिवाय द्यायला कायद्याची फारशी आडकाठी नव्हती. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर. काउंटरवर काय होतं? मुलगी येते, म्हणते मैत्रिणीने ही लावली, हीच द्या. नाही म्हटलं तर पलीकडच्या दुकानात जाते आणि उद्यापासून क्रोसीनसुद्धा तिथूनच घेते. गावात त्वचेचा डॉक्टर आठवड्यातून एकदा, बुधवारी येतो. मीही दिलेल्या आहेत, सुरुवातीच्या वर्षांत. आता देत नाही. गिऱ्हाईक तुटतं ते तुटतं.

मुलांनो, ट्यूबवर बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, ते वाचा. नाव -सोन, -सोल किंवा -लोन वर संपत असेल तर थांबा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. क्लोबेटासोल तर यातलं दांडगं, ते लोक गजकर्णावर, मांडीवर, चेहऱ्यावर, जिथे सुचेल तिथे लावतात. कीटोकोनाझोल वेगळं, ते बुरशीचं औषध, यमक जुळतं म्हणून घाबरू नका. पण बुरशीच्या औषधात स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबाही असतात, म्हणून सगळी ओळ वाचायची. कोपऱ्यात आरएक्स आणि शेड्यूल एच छापलेलं असेल तर ती गोष्ट मैत्रिणीच्या सांगण्यावरून घ्यायची नसते.

---

बाष्कळ
१५ जून, सकाळी ९:३१

क्लोबेटासोल, कीटोकोनाझोल, मोमेटासोन... चारोळी झाली की हो औषधीवाले.

---

आजीचा_बटवा
१५ जून, दुपारी २:०५

बाळ अबोली, वाचून जीव कळवळला. आमच्या वेळी या ट्यूबा नव्हत्या आणि मुरमं मात्र होती, तारुण्यपीटिका म्हणायचो. आई सहाणेवर दुधात जायफळ उगाळून पुळीवर टिकली लावायची. कोकणात माझ्या सासरी काटेसावरीच्या खोडावरचा काटा उगाळत. सुश्रुतांनी मुखदूषिकेचं, म्हणजे मुरमांचंच, वर्णन काटेसावरीच्या काट्यासारख्या पुळ्या असं केलंय, त्यावरून तो काटा औषधात आला की काय कोण जाणे, पण उगाळत असत एवढं खरं. लिंबाचा रस, हळद-बेसन, मुलतानी माती. नैसर्गिक आहे, अपाय काही नाही. करून बघ.

---

निळाई
१५ जून, रात्री १०:२०

आजी, काटेसावरीबद्दल तुमचं बरोबर आहे, ते सुश्रुतसंहितेच्या निदानस्थान या भागात आहे. आणि मुरूम कसा दिसतो याचं इतकं नेमकं वर्णन मी पाठ्यपुस्तकातही वाचलेलं नाही.

पण अबोलीला यातलं काहीच नको, खास करून लिंबू. लिंबाच्या रसाचा पीएच २च्या आसपास असतो, त्वचेचा साधारण ५. धडधाकट कातडीला ते झोंबतं, हिची तर पातळ झालीय. लिंबू लावून उन्हात गेलं तर भाजून काळे चट्टे पडतात, असे रुग्ण बघितलेत. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडासुद्धा त्याच माळेतले. मुलतानी मातीने तेल शोषलं जातं, तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा चालेल, मुरूम त्याने जात नाही. जायफळाची एक टिकली एका पुळीवर? धडधाकट त्वचा असेल तर लावा बापडे.

---

आजीचा_बटवा
१५ जून, रात्री १०:४४

बरं. लिंबू सरबतात घालते. अबोली, ये कधी, तुला पाजते.

---

काळा_चहा
१७ जून, रात्री ८:१२

निळाईताई, माझा प्रश्न. स्टेरॉइड वगैरे काही नाही, साधी मुरमं, वय २२. आतापर्यंत सॅलिसिलिक फेसवॉश, नायसिनामाइड, टी ट्री, कडुलिंब, कोळशाचा मास्क सगळं झालं. कशानेच फरक नाही. पंधरा-वीस दिवस देऊन बघतो आणि मग बदलतो. माझी केस हाताबाहेरची आहे का?

---

निळाई
१८ जून, पहाटे १:३०

रात्रपाळीला आहे, वॉर्ड शांत आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

तुझी केस नाही, तुझं कॅलेंडर हाताबाहेरचं आहे. आज गालावर दिसणारी पुळी आज जन्मलेली नसते. केसाच्या मुळाशी तेलग्रंथी असते. वयात येताना हार्मोन्समुळे ती जास्त तेल बनवते, आणि तोंडाशी मेलेल्या पेशींचा बूच बसतो. तो इतका बारीक असतो की दिसत नाही. मग मागे तेल साचतं, त्यात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जंतू वाढतात (२०१६ पर्यंत त्यांना प्रोपिओनिबॅक्टेरियम म्हणत, जुन्या ट्यूबांच्या पत्रकांत ते नाव सापडेल), सूज येते आणि मग तुला पुळी दिसते. अदृश्य बुचापासून इथवर यायला आठेक आठवडे लागू शकतात. म्हणजे तू पंधरा दिवसांत जे औषध नापास केलंस, त्याने पेपर अजून उघडलाही नव्हता. कुठलंही मुरमांचं औषध १२ आठवड्यांच्या आत जोखू नये.

ब्लॅकहेडमधला काळा रंग मळाचा नसतो. बूच उघड्यावर असतो, त्यातलं तेल आणि रंगद्रव्य हवेने काळं पडतं. घासून निघत नाही. घासलं की भोवती सूज मात्र वाढते.

खरी कामाची दोन औषधं, दोन्ही जुनी आणि कंटाळवाणी. रात्री अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्के. ते बूचच बसू देत नाही, म्हणून ते पुळीवर टिकलीसारखं लावायचं नसतं, मटाराच्या दाण्याएवढं घेऊन पूर्ण चेहऱ्यावर पसरायचं. तोंड धुतल्यावर पूर्ण कोरडं होऊ दे. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, मग एक रात्र आड, मग रोज. आधी मॉइश्चरायझर, वर अ‍ॅडापॅलीन, वर परत मॉइश्चरायझर असं सँडविच केलं तर कोरडेपणा सोसतो. पहिल्या तीन-चार आठवड्यांत मुरमं वाढल्यासारखी वाटतील. इथेच नव्वद टक्के पोरं ट्यूब फेकतात (हा आकडा माझा, रागातून आलेला). सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड. ते जंतू मारतं आणि जंतूंना त्याची सवय होत नाही. २.५ टक्के पुरतं. दहा टक्क्यांचं त्याहून फारसं जास्त काम करत नाही, सोलून मात्र काढतं.

क्लिन्डामायसिन या अँटिबायोटिकची जेल एकटी महिनोन्महिने लावू नका, जंतू दाद देईनासे होतात. ती बेंझॉइल पेरॉक्साइडबरोबरच द्यायची असते. आणि अ‍ॅडापॅलीन गरोदरपणात नाही, दिवस राहण्याची शक्यता असेल तरी आधी डॉक्टरांना विचारा.

---

परसदार_सॅन_होजे
१८ जून, पहाटे ३:०५

इकडे अमेरिकेत अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्के २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, शॅम्पूच्या शेजारच्या फडताळात. दर उन्हाळ्यात भाच्यांसाठी बॅगेत पाच-सहा ट्यूबा असतात. बेंझॉइल पेरॉक्साइडबद्दल एक धोक्याची सूचना: रंग उडवतं! माझ्या नवऱ्याची निळी उशी आता ढगाळ आकाश झालीय. पांढरे टॉवेल, पांढरे अभ्रे वापरा.

---

शेवगा
२० जून, दुपारी ४:४०

मुलगा १७ वर्षांचा. सहा महिन्यांपूर्वी जिम लावली आणि पाठ, खांदे, छाती मुरमांनी भरली. जिमवाल्याने प्रोटीनचा डबा दिलाय, रोज दोन स्कूप. तो म्हणतो घामामुळे. मी म्हणते डब्यामुळे. कोण बरोबर?

---

निळाई
२० जून, रात्री ९:५५

दोघंही थोडेथोडे. व्हे प्रोटीन म्हणजे दुधातला निवळीचा भाग. व्हे सुरू केल्यावर मुरमं उसळलेल्या तरुण मुलांच्या नोंदी बऱ्याच आहेत, दुधाचा, त्यातही साय काढलेल्या दुधाचा, मुरमांशी संबंध अनेक पाहण्यांत दिसलाय. दोन महिने डबा बंद करून अंडी, डाळी, पनीर, शेंगदाण्यावर ठेवून बघा. आणि शेवगाताई, जरा एकटं गाठून विचारा, जिममध्ये "कोर्स" नावाचं काही इंजेक्शन किंवा गोळी तर दिली नाही ना. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडने पाठ अशीच भरते आणि तेवढ्यावर थांबत नाही. घामाचा बनियन लगेच बदलायला सांगा.

---

लोकलचा_घाम
२० जून, रात्री ११:१०

पाठीवरून आठवलं. माझ्या पाठीवर, कपाळावर एकसारख्या बारीक पुळ्या, प्रचंड खाज. मुरमं समजून चार महिने अँटिबायोटिक खाल्लं, वाढतच गेलं. निघाली बुरशी! मॅलॅसेझिया. कीटोकोनाझोलचा शॅम्पू पाठीला पाच मिनिटं लावून धुवायला सांगितला आणि गोळ्या दिल्या, तीन आठवड्यांत खलास. मुरूम सहसा इतका खाजत नाही आणि सगळे एका मापाचे नसतात, असं डॉक्टर म्हणाले.

---

काळा_चहा
२१ जून, सकाळी ७:३०

मी शाकाहारी, बी१२ कमी आलं म्हणून इंजेक्शनं घेतोय मार्चपासून. मुरमं मार्चनंतरच वाढली. योगायोग?

---

निळाई
२१ जून, सकाळी ८:०२

नसेलही योगायोग. बी१२ने काही जणांना मुरमं येतात. जंतूंचा कारभारच त्याने बदलतो, असं २०१५च्या एका अभ्यासात दिसलं होतं. पण मनाने बंद करू नकोस, कमतरता गंभीर असते. डोस देणाऱ्या डॉक्टरांना सांग. फिटची काही औषधं, लिथियम, क्षयाचं आयसोनियाझिड, यांनीही येतात. तिथेही हेच.

---

राज्यसेवा_पुन्हा
२३ जून, रात्री १२:२०

अबोली, मीही पुण्यातच, पेठेत. तिसरा प्रयत्न. पूर्वपरीक्षेच्या आधी दरवेळी हनुवटीवर पुळ्यांचा मोर्चा. मी समजायचो मनाचे खेळ. मग वाचलं की २००३ मध्ये स्टॅनफर्डमध्ये २२ विद्यार्थ्यांचे मुरूम परीक्षेच्या काळात मोजले होते आणि ताण वाढला तसे ते वाढले होते. २२ म्हणजे आमच्या अभ्यासिकेची एक रांग, फार मोठा पुरावा नव्हे, पण आमच्या रांगेचा निकालही तोच लागेल.

मेसचं जेवण हा दुसरा भाग. सकाळी पोहे, अकराला चहा आणि क्रीमरोल, चारला चहा-बिस्किट, रात्री भाताचा डोंगर. दोन महिने चहातली साखर अर्धी केली, क्रीमरोल सोडला, मेसवाल्या मावशींना भाताऐवजी भाकरी मागितली. फरक पडला. किती भाकरीचा आणि किती झोपेचा ते देवाला माहीत, कारण त्याच काळात रात्रीची अभ्यासिकाही सोडली.

---

बाष्कळ
२३ जून, सकाळी ९:००

म्हणजे मिसळ बंद? निषेध.

---

मोडी_लिपी
२३ जून, सकाळी ११:४५

मिसळीला कुणी दोषी ठरवलेलं नाही, पावाबद्दल बोलता येईल. तेलकट-तिखटाने मुरमं येतात हा समज जुना आहे, पण पुरावा साखर आणि मैद्याकडे जास्त बोट दाखवतो. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये ४३ तरुण मुलग्यांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला होता. रक्तातली साखर हळू वाढवणारा आहार घेतलेल्यांचे मुरूम सरासरी २३-२४ने उतरले, बाकीच्यांचे १२ने. दुसऱ्या गटाचेही उतरले, हे विसरू नका! त्याआधी २००२ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर १२०० जण तपासले, त्यात एकालाही मुरूम सापडला नाही. कंद, फळं, मासे, नारळ खाणारी माणसं. अर्थात आनुवंशिकताही वेगळी.

आणि चॉकलेट निर्दोष आहे हे अजून जो तो सांगतो, ते १९६९च्या एका प्रयोगावरून. ६५ जणांना चॉकलेट आणि नकली चॉकलेट दिलं, फरक नाही. पण नकली वडीतही साखर आणि स्निग्धांश तेवढेच होते. मग फरक दिसणार कुठून?

---

ट्रॅफिक_सिग्नल
२९ जून, रात्री १०:३०

वय ३१. "या वयात पिंपल्स?" हे ऑफिसात ऐकून ऐकून कंटाळले. हनुवटी आणि जबड्याच्या कडेने दुखऱ्या, खोल गाठी, पाळीच्या आठवडाभर आधी ठरलेल्या. पाळीही ४५-५० दिवसांनी. पार्लरवर जे पैसे घातले त्यात सोन्याची अंगठी झाली असती. शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी केली, पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सचा बिघाड. गर्भनिरोधक गोळ्या आणि पुरुषी हार्मोनचा परिणाम अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन सुरू झालं. तीन महिने काही नाही, चौथ्यापासून गाठी थांबल्या. मूल हवं असेल तेव्हा ही औषधं चालत नाहीत, ते आधीच सांगून ठेवा. बायांनो, पाळी अनियमित, हनुवटीवर केस आणि मुरमं असं एकत्र असेल तर फेसवॉश बदलत बसू नका.

---

डोंगरवाटा
६ जुलै, दुपारी १:१५

माझी गाठींची, पू-रक्ताची मुरमं होती. वडिलांचे गालही खड्ड्यांचे, त्यामुळे घरात "वारसा आहे" म्हणून सोडून दिलेलं. डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घ्यायचं औषध दिलं. त्याचा हिशेब वजनावर असतो, एकूण १२० ते १५० मिलिग्रॅम प्रतिकिलो. मी ६० किलो, म्हणजे किमान ७२०० मिलिग्रॅम. रोज २० घेतलं तर ३६० दिवस. मी जवळपास वर्षभर घेतलं, जेवणानंतर, कारण तेला-तुपाबरोबर ते नीट शोषलं जातं.

ओठ भेगाळले, खिशात कायम व्हॅसलीन. नाकातून दोनदा रक्त. मधूनमधून चरबी आणि यकृताच्या तपासण्या. आमच्या मंडळाच्या गणपतीतल्या रक्तदान शिबिरात फॉर्मवर औषधाचं नाव लिहिलं तर परत पाठवलं. औषध बंद करून महिना होईपर्यंत रक्त देता येत नाही, कारण ते रक्त गर्भवतीला गेलं तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. हाच नियम मुलींनी दसपट गंभीरपणे घ्यायचा. औषध चालू असताना आणि नंतर महिनाभर दिवस राहता कामा नयेत. कुणाची उरलेली गोळी कुणी खायची नाही.

मुरमं गेली. खड्डे राहिले. त्यांच्यावर आता सबसिजन (खड्ड्याखालचे ताणलेले धागे सुईने सोडवणं) आणि मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणं) चालू आहे, चौथी बैठक झाली. अरुंद खोल खड्ड्यांत ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा थेंब टोचतात. निम्मे भरलेत. वेळेवर गेलो असतो तर यातलं काही लागलं नसतं, हे आता वडिलांना सांगायचं नाही असं ठरवलंय.

---

शेवगा
८ जुलै, रात्री ९:२०

डबा बंद. "कोर्स" घेतलेला नाही, शपथ घेऊन सांगतोय. माझा विश्वास आहे. साधारण.

आणि डागांचं काय? पुळी जाते, काळा डाग सहा महिने बसतो.

---

निळाई
८ जुलै, रात्री ११:३५

आपल्या सावळ्या कातडीचं खरं दुखणं तेच. खड्डा वेगळा, डाग वेगळा. डाग आपोआप जातो, ऊन लागलं नाही तर लवकर जातो. म्हणून सनस्क्रीन हेच डागांचं पहिलं औषध, एसपीएफ ३०, दोन बोटांवर दोन रेघा भरतील एवढं. शिवाय अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड, ते मुरूम आणि डाग दोन्हींवर चालतं आणि गरोदरपणातही चालतं. फोडायची नाहीत, नखाने तर नाहीच. डाग आणि खड्डे त्यातूनच पडतात. डोक्याला चप्प तेल लावून झोपत असेल तर तेही थांबवा, कपाळावरचे दाणे पुष्कळदा त्याचे असतात. दवाखान्यातलं सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक पील चांगलं, पण पार्लरमधलं नको.

---

अबोली_फूल
२१ सप्टेंबर, रात्री १०:०५

धागा वर काढतेय. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत आणि मी गायब. पूर्वपरीक्षा होती.

चौथा महिना संपला. भगभग जुलैअखेर थांबली. एक दिवस कपडे वाळत घालून खाली आले आणि लक्षात आलं की मघापासून उन्हात होते आणि काही झालं नाही. गच्चीवर परत जाऊन उभी राहिले. लाली निम्मी. लव आहे तशीच आहे. गोळ्या बंद झाल्या. मास्क ऑगस्टमध्ये सोडला. पहिल्या दिवशी वाटलं सगळी अभ्यासिका बघेल. कुणीही पुस्तकातून मान वर केली नाही.

मुरमं आहेत. अकरावीत होती तेवढीच. त्यांना बघून चक्क बरं वाटलं.

---

आजीचा_बटवा
२१ सप्टेंबर, रात्री १०:३०

गुणाची पोर. आता दिवाळीला ये.

---

काळा_चहा
२२ सप्टेंबर, सकाळी ७:१०

अ‍ॅडापॅलीन: १३वा आठवडा. तिसऱ्या आठवड्यात फेकणार होतो, बहिणीने लपवून ठेवलं. कपाळ साफ, गाल होतायत. बहिणीनेही तिची ट्यूब डॉक्टरांना दाखवून बंद केली. बी१२च्या इंजेक्शनांऐवजी गोळ्या चालू आहेत.

---

अबोली_फूल
११ नोव्हेंबर, रात्री ११:२०

दिवाळीला घरी जाऊन आले. अ‍ॅडापॅलीन सुरू झालंय, दर तिसऱ्या रात्री. आत्या म्हणाली रंग उतरला, मी म्हटलं हो उतरला, आणि चकली घेतली.

पण लिहिते आहे ते वेगळ्याच कारणाने. आठवतंय का, तासगावात एकदा नवी ट्यूब घेतली होती? ती अर्धी कपाटात राहिली होती. आता ती तिथे नाही. धाकटी चुलतबहीण वापरतेय, चौदा वर्षांची. चार महिने. संपल्यावर तिने दुसरी आणली, त्याच दुकानातून. सगळे तिच्या चेहऱ्याचं कौतुक करत होते, म्हणून मी जवळ जाऊन बघितलं. मी तिच्या हातातून ट्यूब ओढून घेतली, ती रडली, काकू माझ्यावर रागावली. निळाईताई, एकदम बंद करू का? ट्यूब माझ्या पर्समध्येच आहे.

---

निळाई
१२ नोव्हेंबर, पहाटे ५:४५

तुझ्याकडे नको, तिच्याबरोबर असू दे ती ट्यूब. डॉक्टरला दाखवायला लागेल. चार महिने म्हणजे तीन वर्षं नव्हेत, ती लवकर सुटेल. पण एकदम थांबवायचं की कमी कमी करत न्यायचं, ते तिला बघूनच ठरवायला हवं. मिरजेच्या सरकारी रुग्णालयात त्वचेची ओपीडी आहे, तासगावहून लांब नाही. सकाळी लवकर नंबर लावायला सांग. काकूंना फोन कर आणि काही समजावू नकोस, तुझे एप्रिलमधले फोटो असतील तर तेवढे पाठव.

---

अबोली_फूल
१२ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

एप्रिलमध्ये मी एकही फोटो काढू दिला नव्हता. रूममेटला विचारते, ट्यूबच्या फोटोत माझा गाल आला असेल.